कवड्या, फासे आणि विवेक

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन युवक हिरिरीने वाद घालताना आम्हांस दिसले. शरण आलेल्या शत्रूस जीवदान द्यावे की नाही, हा वादाचा विषय होता. धर्मशिक्षणाच्या वर्गातील प्रश्न असावा असे वाटून आम्ही थांबलो, तर तो संगणकावरील खेळातील प्रसंग निघाला! अशा खेळात खेळणारा कथेतील एक पात्र होतो आणि त्याच्या निर्णयाप्रमाणे कथेला वळण लागते. मुलांचे हे वेड पाहून पालक धास्तावतात. परंतु या खेळांची वंशावळ पाहण्याजोगी आहे.

खेळातून नीती शिकविण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. महाराष्ट्रात मोक्षपट कवड्यांनी खेळला जात असे. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्यात सद्‌गुण म्हणजे शिडी, दुर्गुण म्हणजे साप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडात रुजला आणि सापशिडी म्हणून जगभर गेला. मात्र त्यात एक उणीव होती. शिडी लाभणार की साप गिळणार, हे दान ठरवी. खेळणाऱ्याला निवड नव्हती.

ती निवड 1974 साली अमेरिकेत आली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. मित्रमंडळींनी टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवायचे, असे त्याचे स्वरूप. त्यातील बुटके, एल्फ, राक्षस यांच्यावर टॉल्किनच्या कादंबऱ्यांची छाप आहे. हा टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता. 1904 साली आई वारल्यावर फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्याचे पालकत्व स्वीकारले होते. तरीही 1980 च्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती पालकांना या खेळात सैतानपूजेचा भास झाला.

संगणकावर असेच खेळ रचणाऱ्या रिचर्ड गॅरियटलाही पालकांची संतप्त पत्रे आली. त्याने 1985 साली ‘अल्टिमा 4’ निर्माण केला. त्यात अखेरीस ठार मारायचा कोणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, त्याग, नम्रता असे आठ सद्‌गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे. वाटेत अंध विक्रेती भेटते. तिला कमी पैसे दिले तर ती काही बोलत नाही. पण खेळ ती फसवणूक विसरत नाही. सद्‌सद्विवेकबुद्धीचे कार्य याहून निराळे काय असते?

2023 साली बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट 3’ आला. त्यात पडद्यावर वीस बाजूंचा फासा पडतो. काय करू पाहावे हे खेळणारा ठरवितो. ते साधेल की नाही, हे पुष्कळदा फासा ठरवितो. मनुष्यजीवनाचे हे चित्र मोक्षपटापेक्षा अधिक खरे आहे. तथापि एक मोठा भेद उरतो. निर्णय चुकला तर आधी जपून ठेवलेल्या टप्प्यावर परतता येते आणि मेलेले पात्र पुन्हा उभे राहते.

आमच्या भिवंडीला ही सवलत कोणी दिली नव्हती. 1970 आणि 1984 च्या दंगलींत गेलेले जीव परत आले नाहीत. परंतु शहराने पुढची निवड बदलली. 1988 साली येथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या; हिंदू-मुसलमान शेजारी, यंत्रमाग कामगार, दुकानदार एकत्र बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी शांत राहिली.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. केवळ किती वेळ खेळलास, हे विचारून थांबू नये. त्या शत्रूला तू सोडलेस की मारलेस आणि का, हेही विचारावे. मग याच गावात 1984 साली काय घडले आणि 1992 साली काय टळले, ते त्याला सांगावे. ती कथा आपलीच आहे, आणि ती त्याने घरातूनच ऐकलेली बरी.