त्र्यंबक ते पंढरपूर : मुक्काम सोबत घेऊन चालणारी वाट

दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरातून मी बोलतो आहे. या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, छत्तीसगडात आलेल्या भोसल्यांच्या फौजा पाहिल्या. आज विषय चालण्याचा आहे. फौजेत असताना आमचं निम्मं आयुष्य चालण्यात गेलं, म्हणून असेल, पण इतिहासातल्या वाटांकडे माझं लक्ष आधी जातं. कोणती वाट शेकडो वर्षं टिकते, कोणती पुसली जाते, आणि का? एवढाच आजचा प्रश्न.

उदाहरण घेऊ संत निवृत्तीनाथांच्या पालखीचं. आळंदी आणि देहूच्या पालख्या सर्वांना ठाऊक असतात, टीव्हीवर दिसतात. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू असलेल्या निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी. तिथून ज्येष्ठात पालखी निघते आणि साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालत आषाढीला पंढरपूर गाठते. जवळजवळ चार आठवडे. दिवसाला सरासरी 17-18 किलोमीटर पडतात. कुणाला हे कमी वाटेल. पाठीवर ओझं, पायाखाली चिखल आणि सोबत सत्तर वर्षांची म्हातारी माणसं, अशा स्थितीत चार आठवडे सलग हा वेग राखून पाहा, मग बोलू. 2023 मध्ये मी ही वाट एका दिंडीबरोबर पायी केली, म्हणून सांगतो.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. सुरुवात सह्याद्रीच्या अंगावर, सुमारे 1300 मीटर उंचीच्या ब्रह्मगिरीखाली, जिथे गोदावरी उगम पावते. हा धो धो पावसाचा मुलूख. पालखी सातपूरवरून नाशकात येते आणि पळशाच्या अंगाने सिन्नरकडे वळते. डाव्या हाताला निफाड, मागे दिंडोरी : देशातला नामांकित द्राक्षपट्टा. पण वारकऱ्याला तिथे द्राक्ष दिसत नाही. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. ज्येष्ठात बाग नुसती हिरवीगार असते, मांडव पानांनी भरलेला आणि घड एकही नाही.

सिन्नरपासून पाऊस हात आखडता घेतो. पुढे बेलापूर, राहुरी. तिथे प्रवरा-मुळेचं पाणी आणि उसाचे मळे. राहुरी सोडून डोंगरगणकडे चढायला लागलं की एक गोष्ट घडते, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. तिथे गोदावरीचं खोरं संपतं. अहिल्यानगरजवळची सीना दक्षिणेला वाहत जाऊन भीमेला मिळते, आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एका मोठ्या नदीच्या उगमापासून निघालेली माणसं जलविभाजक ओलांडून दुसऱ्या मोठ्या नदीच्या खोऱ्यात उतरतात. मिरजगाव, करमाळा हा अवर्षणाचा भाग. मग कंदरजवळ उजनीचं पाणी दिसतं, आणि करकंबच्या बाजूला पुन्हा द्राक्षबागा. पंढरपूर तालुका आज बेदाण्यासाठी ओळखला जातो. वाटेच्या आरंभी द्राक्ष, शेवटी द्राक्ष, आणि मध्ये तहान.

युरोपातही अशीच एक वाट आहे, व्हिया फ्रांचिजेना. इंग्लंडमधल्या कँटरबरीपासून फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडत रोमला जाणारी, पावणेदोन हजार किलोमीटरहून लांब. इसवी सन 990 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक रोमला गेले होते. परतताना त्यांच्या मुक्कामांची यादी कुणीतरी लिहून ठेवली, सुमारे 80 ठिकाणांची. ही वाट जिनिव्हा सरोवराकाठी लाव्होच्या पायऱ्यापायऱ्यांच्या द्राक्षमळ्यांतून जाते. ते मळे मध्ययुगात मठवासी साधूंनी लावले. मग ती चढते ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीकडे, 2469 मीटरवर. हिमवादळात सापडलेल्या यात्रेकरूंसाठी तिथे अकराव्या शतकात आश्रयगृह उभं राहिलं, ते आजही चालू आहे. मे 1800 मध्ये नेपोलियनने सुमारे 40,000 सैनिक याच खिंडीतून इटलीत उतरवले. तोफा पोखरलेल्या ओंडक्यांत घालून ओढल्या होत्या.

अशी ही बलाढ्य वाट. तरी मधली काही शतकं ती अखंड यात्रामार्ग म्हणून लोकांच्या विस्मरणात गेली. विसाव्या शतकात सिगेरिकची यादी हातात धरून अभ्यासकांनी ती पुन्हा शोधली, आणि 1994 मध्ये युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. असं का झालं? माझं उत्तर असं : त्या वाटेचा आधार दगडी होता. मठ, आश्रयगृह, धर्मशाळा असा प्रत्येक मुक्काम जागेवर बांधलेला. यात्रेकरू एकटादुकटा किंवा लहान जथ्याने येई आणि त्या आधारावर पुढे सरके. धर्मसुधारणेच्या काळात, युद्धांत, क्रांतीत ठिकठिकाणचे मठ बंद पडले, तशी साखळी तुटली.

पंढरीच्या वाटेवर असा दगडी आधार फारसा कधी नव्हताच. इथे मुक्काम माणसांबरोबर चालतो. राहुटी, शिधा, भांडी, पाणी, स्वयंपाकी, सगळं सोबत. आणि या चालत्या छावणीला बांधीव रूप देणारा माणूस होता सैनिकी पेशातला.

त्यांचं नाव हैबतबाबा पवार आरफळकर. सातारा भागातलं आरफळ हे त्यांचं गाव. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे ते चाकरीला होते. परंपरा सांगते की उत्तरेकडून गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडलं, तिथे त्यांनी हरिपाठ धरला, आणि सुटका झाल्यावर घरी न जाता ते आळंदीला राहिले. ही कथा श्रद्धेची म्हणून ऐकावी. पण काळ लक्षात घ्या. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. पेंढाऱ्यांचा धुमाकूळ नुकताच संपला होता. मराठी सरदारांच्या फौजा मोडल्या होत्या आणि हजारो शिपाई बेकार होऊन घरी परतत होते.

पालखीची पद्धत त्याआधीची आहे. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायणबाबा यांनी 1685 मध्ये पादुका पालखीत ठेवून देहूहून सोहळा सुरू केला, आणि आळंदीहून ज्ञानदेवांच्या पादुकाही त्याबरोबर जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी आळंदीची पालखी स्वतंत्र केली. तिच्यासाठी घोडे आणि तंबू दिले अंकलीच्या शितोळे सरदारांनी. ही अंकली आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. राज्यांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. घोडे मात्र अजूनही दरवर्षी अंकलीहून आळंदीला पायी येतात. हैबतबाबांची समाधी आळंदीच्या देवळाच्या पहिल्या पायरीशी आहे, आणि प्रस्थानाआधी त्या पायरीची पूजा होते.

आता त्यांनी लावलेली शिस्त पाहा. सकाळी कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला रांगेत उभं राहायचं, तिसऱ्याला कूच. दिंड्यांना क्रमांक. काही रथापुढे, बाकीच्या रथामागे, आणि आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेत घुसायचं नाही. दिंडीच्या आत पुढे पताका, मग रांगेतले टाळकरी, मृदंग, वीणेकरी, तुळस आणि पाण्याची घागर डोक्यावर घेतलेल्या बाया. जुन्या मराठी फौजेत बिनीवाले पुढे जाऊन तळाची जागा धरत. इथे दिंडीचा ट्रक पुढे जातो आणि माणसं पोचेपर्यंत चूल पेटलेली असते. शिध्यासाठी प्रत्येकाने भिशी भरलेली असते, हिशेब दिंडीचाच.

मला सर्वांत थक्क करतो तो संध्याकाळचा समाजआरतीचा प्रसंग. हजारो माणसं, टाळमृदंगांचा कल्लोळ. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकलं जातं, निवाडा होतो, मग टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मग आरती. तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून मी सांगतो, तक्रार करायला अशी उघडी आणि निर्भय रीत फौजेत बसवणं सोपं नाही. शिवाय आमच्या शिस्तीमागे लष्करी कायदा असतो. इथे शिक्षा नाही, पगार नाही, आणि उद्या सकाळी घरी निघून जायची प्रत्येकाला मुभा आहे. तरी कुणी जात नाही. आळंदीच्या सोहळ्यात ही घडी सर्वांत ठळक दिसते. इतर पालख्यांनी ती आपापल्या रीतीने घेतली. त्र्यंबकच्या वाटेवरही मला दिंडीची रांग आणि वीणेचा मान तसाच दिसला.

हैबतबाबांनी ही घडी छावणीतून आणली असं सांगणारा कागद मी दाखवत नाही. हा माझा, एका फौजी माणसाचा अंदाज आहे. पण कर्णा, तळ, चोपदार, घोडे, तंबू हे सगळं एका जागी पाहिल्यावर दुसरं काही मनात येत नाही.

या घडीची एक काळी बाजूही आहे, ती लपवू नये. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या होत्या. एकाच वाटेवर एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांनी खेदाने नोंदवलं. दलित वारकरी शतकानुशतकं चालत आले, आणि विठ्ठलाचं दार त्यांना बंद होतं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी आहे. ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. रांग कितीही शिस्तीची असली, तरी रांगेत कुणाला कुठे उभं केलं हा प्रश्न उरतोच. फौजेच्या इतिहासालाही तो विचारावा लागतो.

आता अगदी अलीकडची कसोटी. 2020 मध्ये कोरोना आला. पायी वारी झाली नाही, निवडक पालख्यांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला नेल्या. 2021 मध्येही तेच. दोन वर्षं वाट रिकामी. 2022 मध्ये परवानगी मिळाली आणि लाखो माणसं अशी चालू लागली, जणू मधे काही झालंच नव्हतं. सिगेरिकच्या वाटेसारखी यादी घेऊन शोधाशोध करावी लागली नाही. कारण वाट दिंडीत साठवलेली होती. कोणत्या गावात कुणाच्या अंगणात उतरायचं, पाणी कुठे गोडं, कोणत्या चढाला म्हाताऱ्यांना पुढे काढायचं, हे लोकांच्या डोक्यात होतं.

म्हणूनच मला आजची चिंता रस्त्यापेक्षा दिंडीची जास्त वाटते. नोव्हेंबर 2021 मध्ये आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवून. सोय हवीच. पण रस्ता सरकार बांधू शकतं, दिंडी बांधू शकत नाही. जो माणूस वाहनाने पुढे जाऊन फक्त मुक्कामाला भेटतो, त्याच्या डोक्यात वाट साठत नाही. अशी माणसं वाढली, तर गुळगुळीत रस्ता उरेल आणि वारी सिगेरिकच्या यादीसारखी कागदावर येईल.

हे मी छत्तीसगडात बसून का सांगतो? आपल्या दाराशीच एक पायी यात्रा आहे म्हणून. नवरात्रात दुर्ग, भिलाई, राजनांदगावहून माणसं डोंगरगडच्या बमलेश्वरीला चालत जातात, आणि शेवटी हजाराहून अधिक पायऱ्या चढतात. वाटेवर सेवेचे मंडप असतात, लोक मायेने खाऊ घालतात. पण चालणारे बहुतेक सुटे सुटे, रात्रीच्या वेळी, राष्ट्रीय महामार्ग 53 वर ट्रकांच्या शेजारून चालतात. आपल्या मराठी घरांतली मुलंही त्यांत असतात. त्यांना माझं सांगणं एवढंच : दिंडी करा. वीस-पंचवीस जणांची तुकडी, पुढे एक जाणता, मागे दिवा घेतलेला एक, मध्ये म्हातारे आणि बाया, आणि सर्वांत मंद चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. आमच्या पलटणीतही हाच नियम होता.

पुढच्या भागात रतनपूरला जाऊ, बिंबाजी भोसल्यांच्या काळात. तुमच्या गावाहून कोणती पायी यात्रा निघते आणि तिची रांग कशी लागते, ते जरूर कळवा. तोवर रामकृष्णहरी, आणि जय हिंद.