सव्वीसने भागायची रीत

मेहरूणच्या शिवाराला लागूनच जळगावची औद्योगिक वसाहत आहे. चटई, पीव्हीसी पाइप आणि डाळ हे तिचे नावाजलेले धंदे. तिथे रोजावर राबणाऱ्याच्या हिशोबात एक आकडा दडलेला असतो, 26. किमान वेतनाचा दर सरकार महिन्याचा जाहीर करतं, आणि रोजाचा दर काढायचा तर त्याला 26 ने भागायचं, अशी रीत आहे. महिन्याचे दिवस 30 धरले तर चार दिवस गेले कुठे? ते साप्ताहिक सुट्टीचे. त्या चार दिवसांची मजुरी उरलेल्या सव्वीस रोजांत वाटून दिलेली असते.

समजा, महिन्याचा दर 13,000 ठरला. 26 ने भागलं तर रोज 500 रुपये. 30 ने भागलं तर 433 रुपये 33 पैसे. सव्वीस हजेऱ्या भरल्या तर पहिल्या हिशोबाने 13,000 हातात येतात आणि दुसऱ्याने 11,267. ठेकेदाराने कोणाला दम दिला नाही, कोणाची हजेरी खोडली नाही. नुसता भागाकार बदलला आणि महिन्याचे 1,733 रुपये गेले. कामावर जाणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणते, "सुट्टी घेतली की खाडा पडतो." सुट्टीचे पैसे तिच्या रोजात आधीच धरलेले असायला हवेत, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

ही रीत कोणी घालून दिली याचा माग काढत गेलं की मुंबईच्या गिरण्या लागतात, ते बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या वाटेवर आधी खान्देशातले कापसाचे जिन लागतात. आपल्या जिल्ह्यातसुद्धा ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

अनेक गावांत अमावास्येला औत धरत नाहीत. पोळ्याला तर बैलाच्या खांद्यावर जू ठेवणं पापच. म्हणजे राबणाऱ्या जिवाला ठरावीक दिवशी विसावा द्यावा, हे आपल्याकडे नवं नव्हतं. तो विसावा शेताच्या चालीने ठरायचा. वाफेचं इंजिन आलं आणि ती चाल मोडली. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे आली, जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपलं तसा भाव कोसळला, व्यापारी बुडाले. पण रूळ राहिले आणि रुळांच्या कडेला जिन-प्रेसची धुराडी उभी राहिली. खान्देश मिलही त्यानंतरच्या दशकातली.

जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढणारं यंत्र. चामडं चढवलेला रूळ फिरतो आणि कापसाचे तंतू आत ओढतो. त्याला चिकटून एक स्थिर पातं असतं. दुसरं पातं वरखाली होत सरकीवर ठोके देत राहतं. सरकी खाली पडते, रुई पलीकडे निघते. यंत्रापुढे एक बाई. तिने मुठीमुठीने कापूस घालत राहायचा. मूठ सैल पडली तर रूळ रिकामा फिरतो आणि मुकादम ओरडतो, मूठ पुढे गेली तर बोटं पात्याशी. हवेत रुईचे कण इतके, की तोंडाला पदर बांधल्याशिवाय श्वास घेता येत नाही. इंजिन एकच, त्याला जोडलेले जिन अनेक. ते चालू असेतो कोणाही एकीला थांबता येत नाही.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा 1881 साली झाला. तो होण्यामागे मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ होता हे खरं; मुंबईची स्वस्त मजुरी त्यांना खुपत होती. पण इथे सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखा माणूस 1878 पासून कायद्याचा मसुदा घेऊन झगडत होता, हेही तितकंच खरं. कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली आणि बारापर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरवल्या. मोठ्या माणसांसाठी काहीही नाही, बायकांसाठीही नाही. शिवाय दोन अटी: कारखान्यात शंभर माणसं हवीत, आणि तो वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालायला हवा. जिनचा हंगाम कापूस येतो तेवढाच. त्यामुळे खान्देशातले कितीतरी जिन या कायद्याच्या कक्षेतच आले नाहीत.

मग 1884 साली मुंबई सरकारने मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याच्यापुढे खान्देशातल्या जिनांबद्दल ज्या साक्षी झाल्या, त्या वाचून आजही अंगावर काटा येतो. हंगामात काम पहाटे चार-पाचला सुरू व्हायचं ते रात्री दहापर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये माल तुंबला की तीच माणसं, तेच बाईमाणूस, रात्रंदिवस कामाला जुंपलेलं असायचं, संध्याकाळी अर्ध्या तासाची उसंत देऊन. असे सलग आठ दिवस. आठ दिवसांपलीकडे त्याच माणसांकडून काम होत नाही, असं सांगितलं गेलं, आणि इतके तास राबणारी माणसं बरेचदा मरतात, हेही. हे कोणा पुढाऱ्याचं भाषण नव्हतं. जिन चालवणाऱ्यांनीच ते साक्षीत सांगितलं होतं, कापसाची आवक सांगावी तितक्या सहजपणे. मजुरी दिवसाला तीन-चार आणे.

त्या बायकांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या, घरी तान्हं मूल होतं का, कशाचाच पत्ता नाही. कामगार-हक्कांच्या इतिहासात मला सर्वांत जास्त सलते ती ही गोष्ट. आपल्या सुट्टीच्या कुळातल्या पहिल्या पिढीचा पुरावा मालकांच्या साक्षीतून आला. त्यांची स्वतःची साक्ष कोणी घेतलीच नाही.

मुंबईच्या कामगारांची साक्ष मात्र त्याच वर्षी मांडली गेली, कारण ती मांडणारा माणूस उभा राहिला. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. गिरणीत नोकरी केलेले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी 1884 च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेतल्या आणि 5,500 जणांच्या सह्यांचं निवेदन आयोगाला दिलं. मागण्या अगदी साध्या: आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. मालकांचं म्हणणं, सणावाराच्या सुट्ट्या असतातच की! आणि रविवारी गिरणी बंद ठेवली, तरी कामगाराला यंत्रं पुसायला बोलवायचेच.

लोखंड्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती, वर्गणी नाही की सभासदांची वही नाही, असं अभ्यासक म्हणतात. ते बरोबरही असेल, पण तिने जे मिळवलं ते पुढे वर्गणीवाल्या कित्येक युनियनना जमलं नाही. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या दुरुस्तीने साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली, बायकांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, आणि शंभराची अट पन्नासावर आली.

हा इतिहास बहुधा इथेच आनंदाने संपवला जातो. खान्देशातल्या जिनवाल्या बाईसाठी तो इथे संपत नाही. हंगामी कारखान्यांची चार महिन्यांची पळवाट बुजली ती 1911 च्या कायद्यात, म्हणजे तिची हकिगत सरकारदरबारी पोचून सत्तावीस वर्षं झाल्यावर. त्याच कायद्याने कारखान्यात बायकांना रात्री कामाला लावायची बंदी केली, आणि जिन-प्रेसला त्यातून सूट ठेवली. ज्यांच्या रात्रपाळीवरून ओरड झाली, त्याच वगळल्या गेल्या. 1922 साली अट वीस माणसांवर आली. 1934 च्या कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे 54 तास, हंगामी कारखान्याला 60. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आलं, आणि 1945 च्या मजूर परिषदेपुढे त्यांनी आठ तासांचा प्रश्न आणला. त्यातून 1946 ची दुरुस्ती झाली: बारमाहीला 48 तास, हंगामीला 50. हंगामी आणि बारमाही हा भेद पुसला गेला 1948 च्या कारखाना कायद्यात. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची अट त्यात दहा माणसांवर आली. एका कामगाराकडून, सुट्टीची अदलाबदल करूनसुद्धा, सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम घेता येणार नाही, असं त्या कायद्याने बजावलं.

आणि त्याच 1948 सालच्या किमान वेतन कायद्याने सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस, आणि त्या दिवसाचा मोबदलाही, ठरवून द्यायची सोय केली. सव्वीसने भागायच्या रीतीचं मूळ तिथे आहे. लोखंड्यांच्या रविवारला पैसे जोडले जायला अठ्ठावन्न वर्षं लागली.

या मधल्या काळात खान्देश गप्प नव्हता. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये आणि धुळ्यात कामगार संघटित झाले. साने गुरुजी शाळा सोडून देशकार्यात पडले, ते या कामगारांतही राबले. 'काँग्रेस' हे त्यांचं साप्ताहिक 1938 साली अमळनेरातूनच निघालं. 1946 मध्ये त्याच अमळनेरात कामगारांवर गोळीबार झाला आणि कॉम्रेड श्रीपत पाटील यांच्यासह कामगार मारले गेले. आठ तासांची दुरुस्ती झाली ते हेच साल. खान्देश मिलचं नाव आता जळगावात त्या जागेवरच्या खान्देश सेंट्रलपुरतं उरलं आहे. गिरणी गेली तशी तिची मोठी हजेरीपटाची वहीही गेली, आणि कामगार लहानलहान शेडमध्ये, निरनिराळ्या ठेकेदारांच्या हाताखाली विखुरले.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. आठवड्याला सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीच्या दिवसाचा मोबदला, या दोन्ही गोष्टी त्यांत आहेत. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण माणसांचा आकडा, जो 1881 पासून खाली खाली येत होता, तो आता उलटा चढला आहे. विजेवरच्या कारखान्याला दहाऐवजी वीस माणसं, विजेशिवायच्या कारखान्याला विसाऐवजी चाळीस. ठेकेदाराला परवान्याची सक्ती 1970 च्या केंद्रीय कायद्यात वीस मजुरांपासून होती, ती आता पन्नासपासून. एका शेडमध्ये तीन ठेकेदार, प्रत्येकाची चाळीस माणसं: गेटातून रोज एकशेवीस जण आत जातात, आणि परवाना एकाही ठेकेदाराला लागत नाही.

नव्या संहितेत मालकाशी बोलणी करायचा हक्क एकाच युनियनला हवा असेल, तर तिच्याकडे हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार हवेत. ठेकेदाराच्या वहीतला माणूस मालकाच्या हजेरीपटावर नसतो. म्हणजे युनियन उभी राहिली, तरी ती बोलणार मूठभर कायम कामगारांच्या बळावर, आणि यंत्रापुढे उभे असलेले बहुतेक जण त्या मोजणीबाहेर. म्हणून मेहरूणच्या आसपास आज कोणी संघटना बांधायला निघालं, तर सगळ्यांत आधी त्यांनी गेटाच्या आत रोज कोण कोण कामाला असतं, कोणत्या ठेकेदाराचं, किती दिवसांपासून आणि कोणत्या भागाकाराने, याची एकच यादी करावी. ती यादी मालकाच्या हाती असते, तिन्ही ठेकेदारांच्या हाती असते, आणि आजघडीला कामगारांच्या हाती नाही.