तंबू खाणाऱ्या बुरशीची वंशावळ

हरभऱ्याला मर लागू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचा, हे आपल्या शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. मातीतल्या या हिरव्या बुरशीच्या गोतावळ्यातली एक बहीण शेत सोडून कारखान्यात गेली. तिचा माग काढला की तो दुसऱ्या महायुद्धातल्या एका कुजक्या तंबूपाशी जाऊन पोचतो.

दक्षिण पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, गणवेश आणि पट्टे बघता बघता विरत होते. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि ते पचवणाऱ्या बुरशींना तिथली हवा मानवलेली. सैन्याच्या पुरवठा विभागाने कुजके नमुने गोळा करून प्रयोगशाळेत बुरशी वेगळ्या केल्या. सॉलोमन द्वीपसमूहातल्या बूगनव्हिल बेटावरच्या तंबूच्या कापडातून मिळालेल्या बुरशीवर चिठ्ठी लागली : क्यूएम६ए.

सैन्याच्या या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ एल्विन रीस आणि मेरी मांडेल्स यांना कापड वाचवायचे होते. त्यासाठी ते खाल्ले कसे जाते, हे आधी समजायला हवे होते. धागा बुरशीच्या पेशीत शिरू शकत नाही. म्हणून ती सेल्युलेज नावाची एन्झाइमे बाहेर सोडते, धाग्याची साखर करते आणि ती शोषून घेते. हे एकट्या एन्झाइमचे काम नसावे, एकाने वीण सैल करायची आणि दुसऱ्याने साखळी तोडायची, असा विचार रीस यांच्या गटाने १९५० मध्येच मांडला होता.

पण बुरशी हे एन्झाइम सदासर्वदा बनवत नाही. ग्लुकोजवर वाढवली तर ती झपाट्याने फोफावते, पण सेल्युलेज जवळजवळ देतच नाही. आयती साखर असताना कापड फोडण्याचे कष्ट कोण घेईल? सेल्युलोजवर वाढवली की मात्र एन्झाइमांचा पाझर सुरू होतो. ग्लुकोजच्या एका नमुन्याने तरीही कोडे घातले : त्यावर बुरशी सेल्युलेज देत होती. १९६२ मध्ये त्याचा उलगडा झाला. त्या ग्लुकोजमध्ये सोफोरोज नावाच्या दुसऱ्याच साखरेचा अंश मिसळलेला होता, आणि तेवढ्या अंशानेही बुरशीला कामाला लावले होते. काय खाऊ घालाल त्यावर काय मिळेल ते ठरते, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

पुढे सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि प्रश्न उलटा झाला. कुजणे थांबवायचे कसे, हे विचारणारी प्रयोगशाळा आता रद्दी कागदापासून साखर करू लागली. १९७७ मध्ये या बुरशीला वेगळी जात मानून रीस यांच्या सन्मानार्थ ‘ट्रायकोडर्मा रीसी’ हे नाव मिळाले. लगोलग रटगर्स विद्यापीठात मॉन्टेनेकोर्ट आणि एव्हली यांनी तिच्यात उत्परिवर्तने घडवून ‘रट-सी३०’ हा वाण काढला. ग्लुकोज असले तरी तो एन्झाइम देणे बंद करत नाही. साखर पाहून हात आखडायला लावणारे जनुकच त्याच्यात तुटलेले निघाले.

२००८ मध्ये मूळ क्यूएम६एचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. एवढ्या ताकदीच्या बुरशीत सेल्युलोज फोडणारी जनुके अपेक्षेपेक्षा कमी निघाली. मोजकी हत्यारे, पण ती भरपूर घडवून बाहेर सोडण्याची तिची क्षमता अफाट.

आज जीन्सला जुनेपणाची छटा द्यायला सेल्युलेज लागते. पिकाच्या काडापासून इथेनॉल करतानाही लागते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर पानिपतला उभारलेला इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. एरवी शेतात जाळला जाणारा भाताचा पेंढा तिथे एन्झाइमांकरवी साखरेत उतरतो. ट्रायकोडर्मा रीसीचे कारखान्यांतले सगळे वाण त्याच एका चिठ्ठीचे वंशज आहेत. बूगनव्हिलचा तंबू वाचला नाही. पण त्याला खाणारी कुणी फेकून दिली नाही, म्हणून आज पेंढ्याला आगीखेरीज दुसरी वाट आहे.