केप क्रोझियरचा हिवाळी प्रवास

केप क्रोझियरचा हिवाळी प्रवास ही अंटार्क्टिकातील रॉस बेटाच्या परिसरात २७ जून ते १ ऑगस्ट १९११ या काळात झालेली पायी मोहीम होय. रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांच्या टेरा नोव्हा मोहिमेतील (१९१०–१३) एडवर्ड विल्सन, हेन्री बोवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड या तिघांनी ती पार पाडली. सम्राट पेंग्विनची अंडी मिळवणे हा तिचा मुख्य हेतू होता. ध्रुवीय रात्रीच्या काळोखात केलेल्या या प्रवासातून तीन अंडी हाती लागली. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांत शोधायचे होते, तो प्रश्नच त्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत कालबाह्य झाला होता.

पार्श्वभूमी

सम्राट पेंग्विन ही पेंग्विनांतील सर्वांत मोठी जात. अंटार्क्टिकाच्या भर हिवाळ्यात, समुद्रावर गोठलेल्या बर्फावर ती प्रजनन करते. मादी मे-जूनच्या सुमारास एकच अंडे घालून समुद्राकडे निघून जाते. त्यानंतर सुमारे ६५ दिवस नर ते अंडे पायांवर ठेवून, पोटाच्या त्वचेच्या घडीखाली उबवतो. या काळात तो काहीही खात नाही.

यांपैकी बरेचसे विसाव्या शतकाच्या आरंभी अज्ञात होते. १९०२ मध्ये स्कॉट यांच्या पहिल्या, म्हणजे डिस्कव्हरी मोहिमेतील लोकांना रॉस बेटाच्या पूर्व टोकाशी, केप क्रोझियर येथे सम्राट पेंग्विनची वसाहत आढळली. त्या वेळी पिले अंड्यांतून बाहेर आलेली होती. यावरून अंडी ऐन हिवाळ्यात घातली जात असली पाहिजेत, असे त्या मोहिमेतील विल्सन यांनी ताडले. विल्सन हे वैद्य, प्राणिशास्त्रज्ञ आणि कुशल चित्रकार होते.

जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांच्या मतानुसार, प्राण्याचा भ्रूण वाढताना आपल्या जातीच्या उत्क्रांतीचे टप्पे संक्षेपाने पुन्हा पार करतो. न उडणारा सम्राट पेंग्विन हा अतिशय आदिम पक्षी असावा, अशी विल्सन यांची समजूत होती. ही दोन्ही गृहीतके खरी असती, तर त्याच्या कोवळ्या भ्रूणात सरपटणाऱ्या प्राण्यांशी असलेल्या नात्याच्या खुणा दिसायला हव्या होत्या. खवल्यांपासून पिसे कशी झाली, याचाही उलगडा होण्याची शक्यता होती. अंडी योग्य अवस्थेत मिळवायची तर हिवाळ्यातच जाणे भाग होते.

प्रवासी

बोवर्स हे रॉयल इंडियन मरीनमधील अधिकारी होते. ब्रह्मदेशातील इरावती नदीवर आणि इराणच्या आखातात सेवा करून ते थेट या मोहिमेत आले होते. उष्ण प्रदेशात वावरलेला हा बुटका, धिप्पाड माणूस तिघांत थंडीला सर्वांत कमी जुमानणारा ठरला. चेरी-गॅरार्ड त्या वेळी २५ वर्षांचे होते. ते साहाय्यक प्राणिशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी मोहिमेच्या निधीला १,००० पौंड दिले होते. त्यांची दृष्टी फार अधू होती. थंडीत चष्म्याच्या काचांवर बर्फ धरत असल्याने त्यांना बहुतेक प्रवास चष्म्याविना करावा लागला.

केप क्रोझियरपर्यंत

केप इव्हान्स येथील तळापासून केप क्रोझियरचे अंतर सुमारे १०८ किलोमीटर होते. ते कापण्यास १९ दिवस लागले. तिघांकडे दोन घसरगाड्या आणि सुमारे ३४० किलोग्रॅम सामान होते. कुत्री किंवा घोडी सोबत नव्हती, गाड्या माणसांनीच ओढायच्या होत्या. रॉसच्या तरंगत्या हिमथरावर पोहोचल्यावर अतिथंडीमुळे बर्फ वाळूसारखा रखरखीत झाला आणि दोन्ही गाड्या एकदम ओढणे अशक्य झाले. एक गाडी पुढे नेऊन ठेवायची आणि मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पाऊलखुणा शोधत दुसरीसाठी मागे यायचे, असा क्रम सुरू झाला. एक किलोमीटर पुढे सरकण्यासाठी तीन किलोमीटर चालावे लागे. दिशा राखण्यासाठी गुरू ग्रहाचा उपयोग होई.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तापमान −६०.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. एका सकाळी तंबूबाहेर येताच चेरी-गॅरार्ड यांनी आजूबाजूला पाहण्यासाठी मान वर केली. तेवढ्यात त्यांचे कपडे गोठून ताठ झाले आणि पुढचे काही तास त्यांना तशीच वर मान ठेवून गाडी ओढावी लागली. श्वासाचा आणि घामाचा ओलावा रेनडियरच्या कातड्याच्या झोपण्याच्या पिशव्यांत गोठत गेला. परतताना पिशव्यांचे वजन दुपटीहून अधिक झाले होते. रोज रात्री अंगाच्या उबेने त्या वितळवत एकेक पाय आत सरकवावा लागे. या मोहिमेच्या वर्णनांत दरड्या आणि वादळे ठळकपणे येतात, परंतु प्रवाशांना सर्वाधिक खचवले ते या ओल्या पिशव्यांनी, असे दिसते.

अन्नाचा एक प्रयोगही सोबत चालला होता. बिस्किटे, लोणी आणि पेमिकन (वाळवलेले मांस व चरबी यांचे मिश्रण) हे पदार्थ प्रत्येकाने निराळ्या प्रमाणात खाल्ले. त्यावरून ठरलेला शिधा पुढे दक्षिण ध्रुवाच्या प्रवासात वापरला गेला. आजच्या हिशेबाने तो फारच अपुरा होता.

पेंग्विनांची वसाहत

१५ जुलै रोजी तिघे केप क्रोझियरला पोहोचले. माउंट टेररच्या उतारावर त्यांनी दगडांची लहान झोपडी बांधली. छतासाठी आडवी घसरगाडी टाकून तिच्यावर कॅनव्हासचे कापड ताणले. १९ जुलै रोजी दाबामुळे उचलल्या गेलेल्या हिमखंडांच्या गुंत्यात पेंग्विनांचा आवाज ऐकू आला, पण वाट सापडण्यापूर्वीच दुपारचा अंधुक उजेड मावळला. दुसऱ्या दिवशी बर्फातील एका बिळासारख्या भोकातून सरपटत ते पलीकडे गेले. शेवटच्या हिमभिंतीवरून विल्सन आणि बोवर्स खाली उतरले, तर चेरी-गॅरार्ड दोर घेऊन वर थांबले.

विल्सन यांच्या आठवणीप्रमाणे तेथे दोन हजारांच्या आसपास पक्षी असायला हवे होते. प्रत्यक्षात शंभराच्या आसपासच होते आणि त्यांतील अनेकांजवळ अंडी नव्हती. माणसे जवळ येताच पक्षी मोठ्याने ओरडू लागले. ज्यांची अंडी पायांवरून निसटली त्यांची अंडी शेजारच्या रिकाम्या पक्ष्यांनी लगेच पळवली. काही पक्षी अंड्याऐवजी बर्फाचे गोलसर तुकडे पायांवर धरून उभे होते. एका पक्ष्याने टाकलेला असा तुकडा अंडे समजून उचललाही गेला. उबवण्याची ही तीव्र प्रवृत्ती ऐन हिवाळ्यात प्रथमच पाहिली जात होती. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने प्रवासाचे मोल या निरीक्षणांत अधिक आहे.

पाच अंडी घेण्यात आली. रॉकेल संपत आले असल्याने शेगडीला चरबी मिळावी म्हणून तीन पक्षी मारण्यात आले. परतताना चेरी-गॅरार्ड यांच्या हातमोज्यांतील दोन अंडी फुटली.

वादळ व परती

२२ जुलै रोजी हिमवादळाने झोपडीबाहेर उभारलेला तंबू उडवून नेला. दुसऱ्या दिवशी, विल्सन यांच्या ३९ व्या वाढदिवशी, झोपडीच्या छताच्याही चिंध्या झाल्या. उघड्यावर पिशव्यांत पडून, साचत्या बर्फाखाली भजने गात त्यांनी वादळ ओसरण्याची वाट पाहिली. दोन दिवस धड अन्न पोटात गेले नाही. तंबूशिवाय त्या थंडीत परतणे शक्यच नव्हते. वादळ शमल्यावर बोवर्स यांना तो उताराच्या पायथ्याशी, जवळजवळ अभंग सापडला. उडताना छत्रीसारखा मिटल्यामुळे तो फार दूर गेला नव्हता. विल्सन यांनी दुसऱ्यांदा वसाहतीकडे जाण्याचा आग्रह धरला नाही. १ ऑगस्ट रोजी तिघे तळावर पोहोचले, तेव्हा गोठलेले कपडे त्यांच्या अंगावरून कापून काढावे लागले.

अंड्यांचे पुढे काय झाले

विल्सन आणि बोवर्स स्कॉट यांच्यासह १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले आणि परतीच्या वाटेवर मरण पावले. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांचा तंबू शोधणाऱ्या तुकडीत चेरी-गॅरार्ड होते. त्यामुळे १९१३ मध्ये लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात अंडी पोहोचवण्याचे काम त्यांच्यावर आले. आपल्याला तेथे अनास्थेने वागवले गेले आणि पावतीसाठी ताटकळत ठेवले गेले, असे त्यांनी उपरोधाने लिहिले आहे.

तपासणी रेंगाळली. भ्रूणांचे काप हाती घेणारे रिचर्ड ॲशेटन १९१५ मध्ये वारले. नंतर एडिंबराचे जेम्स कोसर इवर्ट यांनी पिसांच्या आरंभीच्या वाढीचा अभ्यास केला. १९३४ मध्ये सी. डब्ल्यू. पार्सन्स यांनी या भ्रूणांमुळे पेंग्विनांच्या गर्भविकासाच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही, असा निष्कर्ष मांडला. तोवर हेकेल यांची उपपत्ती तिच्या मूळ स्वरूपात टिकली नव्हती. सम्राट पेंग्विन आदिम पक्षी नाही, तो उडणाऱ्या पूर्वजांपासून उत्क्रांत झालेला आहे, हेही पुढे स्पष्ट झाले.

चेरी-गॅरार्ड यांनी १९२२ मध्ये 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते संपूर्ण टेरा नोव्हा मोहिमेविषयी असले, तरी शीर्षकातील प्रवास हाच आहे. लेखनकाळात त्यांचे शेजारी असलेल्या जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचा सल्ला त्यांना मिळाला.

सद्यःस्थिती

दगडी झोपडीचे अवशेष १९५७ मध्ये एडमंड हिलरी यांच्या तुकडीला सापडले. आज ते संरक्षित ऐतिहासिक स्थळ आहे. अंडी गोळा करण्यास आता अंटार्क्टिक करारव्यवस्थेनुसार परवाना लागतो. मार्च २००० मध्ये रॉसच्या हिमथरापासून बी-१५ हा प्रचंड हिमनग सुटला आणि त्याच्या धडकेने वसाहतीची बर्फाळ जागा उद्ध्वस्त झाली. २००१ च्या हंगामात केप क्रोझियर येथे एकही पिलू वाढले नाही. पुढील वर्षांत पक्षी तेथे परतले आणि वसाहत पुन्हा वाढू लागली.