बेवड ते जिवाणू संवर्धन : बुलढाणा जिल्ह्यातील नत्र-स्थिरीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्याच्या कृषी-इतिहासात कापूस, ज्वारी व पर्जन्यमान यांची चर्चा होते. मात्र जमिनीतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंना फारसे स्थान मिळत नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा आढावा घेतला आहे.

परंपरा व शास्त्र :
१८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाची मागणी वाढली व खामगावची बाजारपेठ भरभराटीस आली. कपाशी जमिनीतील नत्र घेते, पण तिच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी नसतात. शेतकरी ही उणीव शेणखत, पिकांची फेरपालट आणि कपाशीतील तुरीचे तास यांद्वारे काही अंशी भरून काढीत. मूग, उडीद, हरभरा यांचा 'बेवड' चांगला, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते; कारण अज्ञात होते.

ते कारण १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ यांनी स्पष्ट केले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही पिकांना ते थेट घेता येत नाही. रायझोबियम जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात व मोबदल्यात पिकाकडून शर्करा घेतात. भारतात १९२० मध्ये एन. व्ही. जोशी यांनी या जिवाणूंचा अभ्यास केला.

युरिया व सोयाबीन :
संकरित वाण व युरिया यांच्या प्रसारानंतर बेवडाचे महत्त्व घटले. विसाव्या शतकाच्या अखेरीस सोयाबीन पसरले. हे शिंबावर्गीय पीक असले तरी त्यास ब्रॅडीरायझोबियम हा स्वतंत्र जिवाणू लागतो; मूग-उडदाचे जिवाणू त्याची जागा घेतीलच असे नाही. शिवाय सोयाबीनने मिळवलेले बरेचसे नत्र दाण्यांसोबत शेताबाहेर जाते. म्हणून पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू संवर्धन चोळण्याची शिफारस केली जाते. बुरशीनाशक आधी व संवर्धन शेवटी, हा क्रम पाळावा लागतो. पाकिटातील जिवाणू सजीव असतात. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या गोदामात ते मरतात. मग परिणाम न दिसल्यास शेतकऱ्याचा विश्वास उडतो. २००६ मध्ये जैविक खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली, यामागे गुणवत्तेचा हाच प्रश्न होता.

समारोप :
बेवड विकत घ्यावा लागत नव्हता. संवर्धन मात्र विकत घ्यावे लागते. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पाकिटाची गुणवत्ता आणि कडधान्यांची फेरपालट या दोन्ही गोष्टी परस्परपूरक ठरतात. प्रयोगशाळेने या ज्ञानाला नाव व कारण दिले. त्याचा वापर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत आधीपासूनच होत होता.