खोट्या नावाचे घर अकरा दिवस टिकते

गेल्या वर्षी माझी बदली परभणीहून पुण्याला झाली. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. नवरा-बायको दोघेही रोज रात्री एकाच प्रश्नावर येऊन थांबायचो : घर कुठल्या भागात घ्यायचे? बायकोचे म्हणणे, आपल्या लोकांच्या वस्तीत घेऊ, विहार जवळ, अडीअडचणीला माणसे जवळ. माझे म्हणणे, शाळा जिथे चांगली तिथे घेऊ, मग शेजारी कोणी का असेना.

शेवटी एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट बघायला गेलो. एजंटने जिन्यातच कानात सांगितले, "साहेब, तुमचे आडनाव चालून जाईल. बाकी काही विचारले तर हो म्हणा." घरमालकांनी चहा दिला. नोकरी विचारली, गाव विचारले, मग माझ्या मुलीकडे वळून हसत म्हणाले, "काय बाळा, तुमच्याकडे गणपती दीड दिवसांचा की पाच?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो. मित्रांनो, खोटे सांगतो असे समजू नका, त्या क्षणी मला ते घर हवे होते. शाळा तिथून दहा मिनिटांवर होती. मुलगीच म्हणाली, "आमच्याकडे गणपती नसतो. आम्ही बुद्धवंदना म्हणतो." दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला की फ्लॅट आधीच दुसऱ्या कोणाला दिला होता.

हा लेख त्या घरमालकाबद्दल नाही. तो माझ्या गप्प बसण्याबद्दल आहे, आणि त्या गप्प बसण्याला आपल्या इतिहासात काय उत्तर आहे त्याबद्दल आहे.

गावात हा प्रश्नच नव्हता

"कुठल्या भागात राहायचे?" हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना कधी पडला नाही. त्याचे उत्तर जन्माआधीच ठरलेले होते. गावकुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. गावात बाकीच्यांच्या आळ्या. घर ही जातीने नेमून दिलेली जागा होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाविषयी जे कठोर बोल सुनावले, त्यांच्या मागे हा अनुभव होता.

शहराने एक नवा शब्द आणला : भाडे. पैसे द्या, खोली घ्या. जातीऐवजी पैसा, एवढे तरी शहराने कबूल केले होते. पण ते कितपत पाळले, हे बाबासाहेबांच्याच पत्त्यांवरून तपासून बघू.

रामजी सुभेदारांचा निर्णय

लष्करातून निवृत्त झालेले रामजी सकपाळ मुलांना घेऊन आधी दापोलीला, मग साताऱ्याला आणि १९०४ च्या सुमारास मुंबईला आले. घर मिळाले परळ भागातल्या डबक चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत. एकच खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच अभ्यास. सगळे झोपायला जागा पुरत नसे म्हणून भीमराव लवकर झोपत आणि वडील त्यांना मध्यरात्रीनंतर अभ्यासाला उठवत.

रामजींना मोठे घर मिळण्यासारखे नव्हते. पण मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले, म्हणजे त्या काळच्या मुंबईतल्या नामांकित सरकारी शाळेत. खोली लहान चालेल, शाळा लहान चालणार नाही, असा हा हिशेब होता.

आणखी एक जागा इथे लक्षात ठेवावी : चर्नी रोडची बाग. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष या मुलाकडे गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९५६ साली नागपूरला जे घडले, त्याचे एक बीज या बागेत पडले होते. मुलाला वाढवताना घराच्या चार भिंतींइतकाच घराबाहेरचा बाक महत्त्वाचा असतो तो असा. तिथे बसायला आडनाव सांगावे लागत नाही.

बडोदा, १९१७

आता दुसरी बाग. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बाबासाहेब १९१७ साली परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. स्टेशनवर उतरताच प्रश्न उभा राहिला : राहायचे कुठे? हिंदू खाणावळीत जात सांगितली तर प्रवेश नाही. एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. तिथल्या रखवालदाराला पैशांची गरज होती, बाबासाहेबांना छपराची. तडजोड ठरली : वहीत पारशी नाव लिहायचे आणि रोज दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाजूला अडगळीने भरलेले मोठे दालन, रात्री कंदिलाचा उजेड.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. तू कोण आहेस, आमची धर्मशाळा का बाटवलीस, असा जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायचे फर्मान दिले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले काही तास त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत काढले. संकटातल्या लेकराला आठवावेत तसे तिथे बसून त्यांना आई-वडील आठवले, असे त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले. तेव्हा दोघांपैकी कोणीही हयात नव्हते.

या प्रसंगातून एका समाजावर राग काढणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता : हिंदूंची अस्पृश्यता हिंदूंपुरती राहत नाही, ती शेजाऱ्यांनाही लागते. माझ्या दृष्टीने त्यात आणखी एक धडा आहे. पदव्या दोन खंडांतल्या होत्या, नोकरी संस्थानाची होती, भाडे रोख होते. तरीही खोट्या नावाने मिळालेले घर अकरा दिवस टिकले. मी पुण्यात गप्प बसलो, तेव्हा तोच सौदा करत होतो. फरक इतकाच की बाबासाहेबांनी नाव स्वतः बदलले होते. मी ते काम अकरा वर्षांच्या पोरीवर ढकलत होतो.

सार्वजनिक घरमालक

मग बाबासाहेब मुंबईत कुठे राहिले? परळला, बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्यांत, जवळपास वीसेक वर्षे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या या चाळी. बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा रमाई इथेच संसार ओढत होत्या. त्यांची चार लेकरे लहानपणीच गेली. या चाळीला आपण तीर्थ मानतो, पण आधी हे विचारावे की मुलांच्या औषधपाण्याला, मोकळ्या हवेला त्या वस्तीत काय मिळत होते?

आणि तरीही 'मूकनायक'ची आणि बहिष्कृत हितकारिणी सभेची वर्षे याच वस्तीतली. दामोदर हॉल हाकेच्या अंतरावर. चाळवळ उभी राहिली ती माणसे जवळ होती म्हणून. शिवाय इथला घरमालक ही सार्वजनिक संस्था होती, सोवळे-ओवळे पाळणारा खासगी शेठ नव्हता. सरकार जेव्हा घरे बांधते तेव्हा गरिबाला छप्पर मिळते, एवढेच नाही. मालकाच्या जातीपासून त्याची सुटका होण्याची शक्यता तयार होते.

शक्यता म्हणतो, कारण शहराने जात विसरली नाही. कामगार वस्त्यांत अस्पृश्यांच्या चाळी, अस्पृश्यांच्या खोल्या बऱ्याच ठिकाणी वेगळ्याच राहिल्या. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. साखळी बघा : खाते नाकारले म्हणून पगार कमी, पगार कमी म्हणून भाडे कमी, भाडे कमी म्हणून खोली वाईट, खोली वाईट म्हणून मुलांचा अभ्यास मागे. वस्ती आपोआप बनत नाही, ती बनवली जाते.

राजगृह आणि स्वतंत्र वसाहत

१९३४ च्या सुमारास बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतः बांधलेल्या 'राजगृहा'त राहायला गेले. सुशिक्षित सवर्णांच्या वस्तीत, हजारो ग्रंथ घेऊन. काही जण हे दाखवून म्हणतात, बघा, बाबासाहेबांनीही वस्ती सोडली! दुसरीकडे १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेच्या परिषदेत आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी आहे. काही जण हे दाखवून म्हणतात, बघा, वेगळेच राहायचे!

दोन्ही बाजू अर्धेच वाचतात. गावात जमीन, पाणी, रोजगार सगळे एकाच वर्गाच्या हाती. तिथे विखुरलेल्या चार घरांना न्याय मिळत नाही, म्हणून सामूहिक वसाहत. शहरात स्वतःच्या कमाईवर पाय रोवता येतात, म्हणून हवी तिथे वास्तू. दोन्हींत एकच तत्त्व आहे : कुठे राहायचे ते आम्ही ठरवू, आमच्या नावाने ठरवू.

आणि शेजारी राहिले की जात आपोआप जाते, हाही भाबडेपणा नको. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली ती शेजाऱ्याशेजाऱ्यांमध्येच.

कायदा काय म्हणतो

१९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही भागात राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कायदा स्पष्ट आहे. अडचण पुराव्याची आहे. "जात" हा शब्द कोणी उच्चारत नाही. "शाकाहारी कुटुंब हवे", "कल्चर जुळले पाहिजे", "गणपती किती दिवसांचा" असे विचारले जाते.

त्यात १५ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला की सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा सोसायटीचा उपविधी वैध आहे. संघटना करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार त्यासाठी घेतला गेला. अल्पसंख्य समाजाची स्वतःला जपण्याची धडपड मी समजू शकतो. पण हेच तत्त्व बहुसंख्य, सधन जातींनी वापरले तर शहरभर नवी गावकुसे उभी राहतील, त्याचे काय?

ती उभी राहत आहेतच. २०१२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांत वस्त्यांची फाळणी आर्थिक स्तरापेक्षा जातीवर अधिक झाली आहे. २०१५ साली त्याच नियतकालिकात सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांची पाहणी मांडली. सवर्ण नावाने विचारले की दार उघडते. दलित किंवा मुस्लिम नावाने विचारले की नकार, नाहीतर जादा अटी. सुमारे १५ लाख वस्त्यांच्या आकडेवारीवर झालेला अलीकडचा एक अभ्यास सांगतो की अनुसूचित जातींच्या आणि मुस्लिमांच्या वस्त्यांत सार्वजनिक सोयी कमी आहेत आणि तिथे वाढणारी मुले शिक्षणात मागे राहतात.

म्हणून शाळेसाठी वस्ती सोडणाऱ्या बापाला गद्दार म्हणू नका. आणि वस्तीत राहणाऱ्या आईला मागासलेली म्हणू नका. दोष वस्तीचा नाही, वस्तीत शाळा न देणाऱ्या सत्तेचा आहे.

आपल्याही उंबऱ्यावर

एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय लेख संपवणे अप्रामाणिक होईल. आज आपल्यातही घरमालक झाले आहेत. मातंग भाडेकरू आला, मुस्लिम जोडपे आले की आपल्यातलेही काही जण "घर रिकामे नाही" म्हणतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दारात बडोद्याची काठी! असे कसे चालेल?

मग घर कुठे घ्यावे?

इतिहासातून मला तीन कसोट्या मिळाल्या. पहिली रामजी सुभेदारांची : शाळा आधी, खोल्यांचा आकार नंतर. दुसरी चर्नी रोडच्या बागेची : पायी जाता येईल असे वाचनालय, मैदान, बाग आहे का, जिथे पोराला जात न विचारता बसता येईल? आणि अडल्या वेळी धावून येतील अशी आपली माणसे किती अंतरावर? तिसरी बडोद्याची : पहिल्याच दिवशी खरे नाव सांगा आणि हॉलमध्ये फोटो लावणार हे सांगा. त्यावर जे घर मिळेल तेच घर. करार लेखी करा, नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नकार मिळाला तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा.

आम्हाला शेवटी घर मिळाले. शाळा दहाऐवजी पंचवीस मिनिटांवर आहे, विहार कोपऱ्यावर आहे. सामान लावताना मुलीने विचारले, "पप्पा, त्या दिवशी मी चुकले का?"

मी म्हटले, "नाही बाळा, त्या दिवशी तुझा बाप चुकला."

जय भीम! जय संविधान!