ट्रान्स फॅट : रेणूचा आकार बदलतो तेव्हा

खारी, नानकटाई, क्रीमरोल यांसारख्या पदार्थांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर भारतात १ जानेवारी २०२२ पासून कडक मर्यादा लागू आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार खाद्यतेल व वनस्पती तुपात औद्योगिक प्रक्रियेतून आलेल्या ट्रान्स फॅटचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. तयार खाद्यपदार्थांत ही मर्यादा त्यांतील एकूण तेल-तुपाच्या वजनावर मोजली जाते. या नियमामागील कारण मेदाम्लाच्या रेणूच्या आकारात दडलेले आहे.

मेदाम्लाचे कार्य

मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. अशा तीन साखळ्या ग्लिसरॉलशी जोडल्या गेल्या की ट्रायग्लिसराइड तयार होते. आहारातील बहुतांश स्निग्धांश याच रूपात असतो. एका ग्रॅमपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पेशींची पटले मेदाम्लांपासून घडतात आणि अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे शोषून घेण्यासाठी स्निग्धांश आवश्यक असतो. लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले तर शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती आहारातूनच घ्यावी लागतात.

सरळ आणि वाकलेली साखळी

कार्बन साखळीत दुहेरी बंध नसल्यास मेदाम्ल संपृक्त, असल्यास असंपृक्त म्हटले जाते. वनस्पती तेलांतील दुहेरी बंध बहुधा ‘सिस’ प्रकारचे असतात. त्यामुळे साखळी वाकते, रेणू दाटीने रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहते. ‘ट्रान्स’ बंधात मात्र साखळी जवळजवळ सरळ होते. ओलेइक आणि इलाइडिक आम्लांत अणू तेच व तेवढेच. तरी पहिले सुमारे १३ अंश सेल्सियसला वितळते, तर दुसरे सुमारे ४५ अंशांना.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची पद्धत शोधली. ही प्रक्रिया अर्धवट थांबवल्यास उरलेल्या दुहेरी बंधांपैकी काही ट्रान्स रूप घेतात. दूध व साजूक तुपातही ट्रान्स फॅट अल्प प्रमाणात नैसर्गिकरीत्या असते; त्याला ही मर्यादा लागू नाही.

हृदयावरील परिणाम

लोण्याला पर्याय म्हणून दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या या घट्ट तेलांविषयीचा समज १९९० मध्ये बदलू लागला. नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांच्या अभ्यासात ट्रान्स फॅटमुळे रक्तातील ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल वाढत असल्याचे, तसेच ‘एचडीएल’ घटत असल्याचे दिसले. एलडीएल वाढल्यास रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचून हृदयविकाराचा धोका वाढतो. डेन्मार्कने २००३ मध्ये सर्वप्रथम २ टक्क्यांची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅटच्या उच्चाटनाचे आवाहन केले.

ग्राहकांनी वेष्टनावरील पोषण माहितीत ट्रान्स फॅटसोबत संपृक्त मेदाचे प्रमाणही पाहणे हिताचे ठरते; कारण ट्रान्स फॅटऐवजी वापरल्या जाणाऱ्या पामतेलात संपृक्त मेद बराच असतो. सुट्या पदार्थांवर मात्र अशी माहिती सहसा नसते. तेथे नियमाची अंमलबजावणी हाच ग्राहकाचा मुख्य आधार आहे.